रिडेव्हलपमेंट आणि समोरचा रस्ता: मुंबईतल्या सोसायट्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा), कॉर्पस (बिल्डर सोसायटीला देतो तो एकरकमी निधी), भाडं, पार्किंग यावर रात्री अकरापर्यंत वाद चालतो, पण समोरचा रस्ता आज किती रुंद आहे, उद्या किती होणार आहे आणि त्यात आपल्या प्लॉटचा किती तुकडा जाणार आहे हे कुणी विचारतच नाही. मग बिल्डरने तोंडी कबूल केलेला एरिया अचानक कमी होतो आणि सगळे कमिटीच्या अंगावर धावून जातात. आजूबाजूच्या सोसायट्यांचे कागद वाचायला बसलो की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एका जागी लिहून काढलेत. इथले नियम मुंबई महापालिकेच्या हद्दीतले आहेत, पुण्या-ठाण्याचं खाली वेगळं घेतलंय. नियमांत बदल होत राहतात, तेव्हा सही करायच्या आधी आपल्या आर्किटेक्टकडून ताजी स्थिती तपासून घ्याच.

प्लॉट आमचा, बिल्डिंग आमची, मग महापालिकेच्या रस्त्याचा संबंध कुठे आला?

सगळा संबंध तिथेच आहे. तुमच्या प्लॉटवर किती बांधता येईल हे मुंबईत रस्त्याच्या रुंदीवरून ठरतं. डीसीपीआर २०३४, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीतला एफएसआयचा (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं त्याचा) तक्ता बघा. उपनगरात बेसिक एफएसआय १ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (सार्वजनिक कामाला दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) नाही, १ वरच गाडी थांबली. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर एकूण २ पर्यंत जाता येतं, १२ ते १८ ला २.२, १८ ते २७ ला २.४ आणि २७ च्या पुढे २.५. शहर भागात बेसिक १.३३ आणि रस्त्याप्रमाणे तेच आकडे २, २.४, २.७ आणि ३ असे चढतात. फंजिबल म्हणजे एफएसआयच्या हिशोबाबाहेरचा जादा एरिया, तो ३५ टक्के याच्या वर वेगळा. सेस भरणाऱ्या जुन्या भाडेकरू इमारती, म्हाडाच्या वसाहती, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (झोपु) योजना यांना आपापली स्वतंत्र कलमं आहेत म्हणून त्यांना हा तक्ता जसाच्या तसा लावू नका.

आता हजार चौरस मीटरचा उपनगरातला प्लॉट घ्या. समोर साडेआठ मीटरची गल्ली असेल तर फंजिबल सोडून हजार चौरस मीटर बांधकाम आणि साडेबारा मीटरचा रस्ता असेल तर बावीसशे. प्लॉट तोच, माणसं तीच. म्हणून शेजारच्या सोसायटीला ४० टक्के जास्त कार्पेट मिळालं मग आपल्याला का नाही, या भांडणाचं उत्तर बऱ्याचदा बिल्डरच्या खिशात नसतं, रस्त्याच्या मापात असतं.

आम्ही टेप लावून मोजलं तर रस्ता ८ मीटर भरतो, बिल्डर म्हणतो १३.४०. खोटं बोलतोय का?

तसं लगेच म्हणता येणार नाही. तुम्ही मोजला तो आज जागेवर असलेला रस्ता आणि तो सांगतोय तो कागदावर मंजूर असलेला रस्ता असू शकतो. नियोजनात दुसरा आकडा फार महत्त्वाचा असतो, कारण पुढे दोन्ही बाजूचे प्लॉट मागे सरकत सरकत रस्ता त्या रुंदीला जाणार असं गृहीत धरलेलं असतं.

१३.४० हा विचित्र आकडा आला कुठून असंही विचारतात. ते जुने फूट आहेत. ४४ फुटांचे १३.४०, ६० चे १८.३०, ९० चे २७.४५, १२० चे ३६.६० आणि १५० चे ४५.७०. मेट्रिक आल्यावर रेषा तशाच राहिल्या, फक्त आकडे बदलले. त्यामुळे कागदावर असा अर्धवट आकडा दिसला की समजा ही रेषा बरीच जुनी आहे आणि तिचा जुना रेकॉर्ड कुठेतरी फाइलमध्ये आहे, तो मागता येतो.

पण मंजूर आकडा आहे असं नुसतं तोंडी ऐकून घेऊ नका. नकाशावर शिक्क्यानिशी दाखवा म्हणायचं.

डीपी रोड, रोड लाईन, टीपीएसचा रस्ता, लेआउट रोड… हे सगळं एकच ना?

नाही, आणि इथेच बऱ्याच कमिट्या फसतात.

डीपी रोड म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता, एमआरटीपी कायदा १९६६ खाली मंजूर झालेला. आपला सध्याचा आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रोड लाईन म्हणजे महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातल्या कलम २९७ खाली आखलेली रस्त्याची हद्द, ती डीपीच्या नकाशावर दिसेलच असं नाही आणि ती वेगळी विचारावी लागते. टीपीएस म्हणजे नगर रचना योजना, वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले, माहीम या बाजूला जुन्या योजना आहेत, तिथे प्लॉटला एफपी (अंतिम भूखंड) नंबर असतो आणि रस्तेही योजनेतच ठरलेले असतात. लेआउट रोड हा मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना मूळ मालकाने आत ठेवलेला रस्ता, तो पालिकेच्या ताब्यात गेला असेल किंवा अजून खाजगीच असेल. खाजगी असेल तर तुमचा त्यावरून जायचा हक्क कुठल्या कागदात लिहिलाय ते शोधा, साठ वर्षं वापरतोय एवढ्यावर बँक किंवा बिल्डरचा वकील समाधानी होत नाही.

मग पहिला कागद कुठला काढायचा?

डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर काय दाखवलंय त्याचा पालिकेचा दाखला. महापालिकेच्या वेबसाइटवर फी भरून ऑनलाइन मिळतो, त्यासाठी सिटी सर्व्हेत प्लॉटला दिलेला नंबर, म्हणजे शहरात सीएस नंबर आणि उपनगरात सीटीएस नंबर लागतो. तो हातात आल्यावर पहिल्या पानावर झोन आणि आरक्षणं बघून लोक फाइल बंद करतात, तसं करू नका. अस्तित्वातला रस्ता, प्रस्तावित रस्ता आणि प्रस्तावित रुंदीकरण अशा वेगवेगळ्या ओळी असतात, त्या एकेक वाचा. रोड लाईनचे रिमार्क पालिकेच्या सर्व्हे आणि ट्रॅफिक अशा दोन्ही विभागांकडून बघायचे असतात, एकाने नाही म्हटलं म्हणून दुसऱ्याचीही नसेल असं समजू नये. खाली पाण्याची लाइन किती व्यासाची आणि प्लॉटपासून किती लांब, जवळचं सांडपाण्याचं मॅनहोल कुठलं, त्याची पातळी काय, हेही दिलेलं असतं. ते पण वाचा, कारण २४ घरांच्या जागी ९० घरं येणार असतील तर तेच पाणी आणि तीच गटाराची लाइन पुरणार आहे का, हा रस्त्याचाच प्रश्न आहे, सगळं रस्त्याखालूनच जातं.

सोबत मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढा. पत्रकावरचं क्षेत्र, कन्व्हेयन्समधलं (जमीन सोसायटीच्या नावावर करण्याच्या दस्तातलं) क्षेत्र आणि जागेवरची मोजणी जुळत नसेल तर त्यातला फरक अनेकदा कधीतरी रस्त्यात गेलेल्या पट्टीचा निघतो.

सेटबॅक म्हणजे आमची जागा फुकट गेली का?

फुकट नाही. जुनी बिल्डिंग उभी असेपर्यंत पालिका सहसा हात लावत नाही, पण पाडून नवी बांधायला गेलात की रोड लाईनच्या मागे सरकून बांधावं लागतं आणि पुढची पट्टी रस्त्यासाठी द्यावी लागते, तोच सेटबॅक. बदल्यात हक्क मिळतो. टीडीआरचं प्रमाण शहरात दिलेल्या जागेच्या अडीचपट आणि उपनगरात दुप्पट आहे, म्हणजे उपनगरात ६० चौरस मीटर दिली तर १२० चौरस मीटरचा हक्क. तो आपल्याच प्लॉटवर वापरायचा की सर्टिफिकेट घेऊन बाजारात विकायचा हे रस्त्याची रुंदी, उंचीची मर्यादा आणि बाजारभाव बघून ठरतं.

सोसायटीने डोळ्यात तेल घालून बघायचं ते हे, की या हक्काचा फायदा ऑफरमध्ये धरलाय का आणि कुणाच्या वाट्याला धरलाय. बिल्डरच्या फिझिबिलिटीत (प्रकल्प परवडतो का याच्या हिशोबात) ही ओळ नसेल तर विचारा, आणि बिल्डरला विचारण्याआधी आपल्या पीएमसीला (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराला) विचारा.

आम्ही सेटबॅक दिला, पत्रकावरून क्षेत्र कमी झालं, पण रस्ता तर होता तेवढाच आहे. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते आपल्या रस्त्यांच्या नियोजनातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे.

रुंदीकरण प्लॉट-प्लॉटने होतं. ज्याचं रिडेव्हलपमेंट आधी तो आधी मागे सरकतो, शेजारचा दहा वर्षांनी, त्याच्या शेजारी भाडेकरूंची केस चालू असेल तर तो पंचवीस वर्षांनी. तोपर्यंत रस्त्याची कड करवतीसारखी, कुठे आत कुठे बाहेर. अशा आत गेलेल्या पट्टीवर गाडी चालवता येत नाही कारण पुढच्या वीस पावलांवर जुन्या इमारतीचा ओटा परत बाहेर आलेला असतो, मग तिथे साहजिकच पार्किंग होतं, नाहीतर टपरी येते. आत गेलेल्या पट्टीत विजेचा फीडर पिलर जुन्या जागीच उभा, झाड जुन्याच जागी, आणि फुटपाथ जुन्या कडेला, म्हणजे आता फुटपाथ रस्त्याच्या मध्ये आणि त्याच्या आत परत डांबर, असं दृश्य पार्ले, दादर, चेंबूर कुठेही गल्लीत शिरलात की दिसेल. पाण्याचा उतार जुन्या गटाराकडे असतो म्हणून नवी पट्टी पावसात तुंबते ते वेगळंच.

दुसरा प्रकार जास्त चीड आणणारा आहे. सेटबॅक कागदावर पालिकेला दिला, त्याचा एफएसआय वापरून मजले चढवले आणि जागेवर मात्र ती पट्टी नव्या टॉवरच्या गेटच्या आतच, कुंड्या लावून, व्हिजिटर पार्किंगचा बोर्ड ठोकून. ज्याचा मोबदला घेतला ती जागा शहराची झाली, तिथे आता आजीला चालायला फुटपाथ पाहिजे. वॉर्ड ऑफिसच्या मेंटेनन्स खात्याकडे ताबा पावती मागा, माहिती अधिकारात मिळते, आणि त्या पट्टीचं पालिकेच्या नावाचं वेगळं पत्रक झालंय का ते सिटी सर्व्हेत बघा.

उपाय काय म्हणाल तर एकाच गल्लीतल्या चार-पाच सोसायट्या साधारण एका वेळी रिडेव्हलपमेंटला निघत असतील, आणि हल्ली असं खूप ठिकाणी आहे, तर सगळ्यांनी मिळून वॉर्डाला एकच पत्र द्या, की या गल्लीचा सेटबॅक एकत्र ताब्यात घ्या, खांब आणि पिलर एकत्र हलवा, गटार एकदाच नव्या कडेला न्या. एकेकट्याने गेलात तर प्रत्येकाला पुढच्या बजेटमध्ये बघू हेच ऐकायला मिळतं.

आराखड्यातला रस्ता आमच्या बिल्डिंगच्या बरोबर मधून दाखवलाय. आता?

आधी घाबरू नका, मग नकाशा नीट बघा. नकाशात चूक असू शकते. फेब्रुवारी २०१५ मध्ये जो मसुदा प्रसिद्ध झाला त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला आणि सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. लोकांनी हजारोंनी हरकती टाकल्या म्हणूनच ते झालं.

आता आराखडा मंजूर आहे, त्यामुळे रेषा हलवायची असेल तर एमआरटीपीच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्याची नोटीस राजपत्रात आणि पेपरात येते, हरकती-सूचनांना एक महिना असतो, सुनावणी होते आणि मंजुरी सरकारची लागते. वेळ लागतो, वर्षाच्या हिशोबात धरा. रस्ता खरंच गरजेचा असेल, म्हणजे मागच्या वस्तीला दुसरी वाटच नसेल, तर माझा सल्ला असा, की रस्ता रद्द करा म्हणण्यापेक्षा तो प्लॉटच्या कडेने वळवा असं मागा, दोन्ही टोकं जुळतात हे आर्किटेक्टकडून आखून दाखवा. असा अर्ज ऐकून घेतला जाण्याची शक्यता जास्त असते आणि मागच्या लोकांचाही विचार होतो.

दहा वर्षं होऊन गेली, पालिकेने रस्ता केलाच नाही. आपोआप रद्द होत नाही का?

आपोआप काहीच होत नाही. कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाने मालकीच्या कागदांसकट नोटीस द्यायची आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे रद्द ठरतं. पण आधी हिशोब करा. रस्ता गेला की रुंदी गेली आणि रुंदी गेली की वरच्या तक्त्यातला एफएसआय गेला. आपणच नोटीस देऊन आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा का, हे मीटिंगमध्ये आकडे मांडून ठरवा. शिवाय २९७ ची रोड लाईन वेगळ्या कायद्यातली आहे, १२७ ने ती जात नाही.

आम्ही म्हाडाच्या लेआउटमध्ये आहोत, आमचं कोण बघतं?

२०१८ पासून म्हाडाच्या लेआउटसाठी नियोजन प्राधिकरणाचे अधिकार म्हाडालाच आहेत, म्हणजे बांधकाम परवानगीला तिथे जायचं. मुंबईत असे ११४ लेआउट आहेत, कन्नमवार नगर, टिळक नगर, पंतनगर वगैरे. आतले रस्ते लेआउटच्या मंजूर नकाशात असतात. एकेक बिल्डिंग सुटी उठते आणि आतला रस्ता चार मजली चाळींसाठी आखलेला तसाच राहतो, ही तिथली अडचण. म्हणून सुधारित लेआउटचा नकाशा मागा, तुमच्या बिल्डिंगचा प्लॅन नंतर बघू.

मोठ्या साइटवर रस्ते आधी ठरतात की बिल्डिंगा?

रस्तेच आधी ठरले पाहिजेत, आणि मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्यांनी दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढले. लोक उठवले गेले, त्रास झाला, ते विसरून चालणार नाही. पण दादर-माटुंग्याला त्यांनी आधी रस्ते आणि बागा आखल्या आणि मग प्लॉट दिले. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनीत आज फिरून बघा, शंभर वर्षांनंतरही फुटपाथ आणि सावली आहे.

आणि गिरणगाव बघा. सुमारे ६०० एकर गिरण्यांची जमीन शहराच्या मधोमध सुटणार होती. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, असं होतं. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली परळच्या गिरण्यांच्या एकत्र आराखड्यासाठी समितीही नेमली होती. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं, शहराच्या वाट्याला तुकडे आले, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. मग प्रत्येक गिरणी सुटी सुटी विकसित झाली, प्रत्येकाने आपल्या कंपाउंडच्या आत गुळगुळीत रस्ता केला आणि बाहेर ना. म. जोशी मार्ग, सेनापती बापट मार्ग तेवढेच. लाखभर माणसं कामाला यायला लागली आणि चालायला मात्र गिरणी कामगारांच्या काळातले जिने आणि पूल. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. पूल रेल्वेचा होता, पण एवढी गर्दी तिथे आली ती आजूबाजूच्या जमिनीचा वापर बदलला आणि वाटा बदलल्या नाहीत म्हणून. हे लिहिताना अजून राग येतो.

म्हणून क्लस्टरला, म्हणजे बऱ्याच इमारतींच्या एकत्र पुनर्विकासाला, माझा पाठिंबा आहे, रस्त्यापुरता तरी. भेंडी बाजारात सुमारे १६.५ एकर आणि अडीचशेच्या आसपास इमारती एकत्र घेतल्या म्हणून तिथे अंतर्गत रस्ते नव्याने आणि रुंद आखणं शक्य झालं, एकट्या इमारतीला ते कधीच जमलं नसतं. तुमच्याकडे क्लस्टरचा प्रस्ताव आला तर टॉवरची चित्रं बाजूला ठेवा आणि फक्त रस्त्यांचा नकाशा मागा. आतला रस्ता दोन्ही बाजूंना सार्वजनिक रस्त्याला मिळतो का, तो पालिकेच्या ताब्यात जाणार की गेट लावून खाजगी राहणार, अग्निशमनाची गाडी वळू शकते का, रिहॅबच्या (जुन्या रहिवाशांच्या) बिल्डिंगला मागची गल्ली आणि सेलच्या (विक्रीच्या) बिल्डिंगला मेन रोड असं वाटप आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

पुण्यात-ठाण्यात पण हेच नियम?

तत्त्व तेच, कायदा वेगळा. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक महापालिकांना डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) लागू आहे आणि तिथेही तेव्हा ९ मीटरच्या आत टीडीआर मिळत नव्हता. रोड लाईन तिथे १९४९ च्या महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली आखतात. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला तो यासाठीच, आणि त्यावर जोरात वाद झाला, कारण समोरचं अंगण जाणार त्यांचा प्रश्न वेगळा आणि रिडेव्हलपमेंटला अडकलेत त्यांचा वेगळा.

रुंदीकरणात समोरची दुकानं जातात, त्यांचं काय?

सोसायटीचे सभासद असलेले दुकानदार असतील तर त्यांचं पुनर्वसन तुमच्याच प्रकल्पात, आणि रस्ता मागे सरकला तरी त्यांना दर्शनी जागा मिळेल असं नकाशातच दाखवून घ्या. रस्त्याच्या पट्टीवरची बाहेरची बांधकामं असतील तर पात्र-अपात्र ठरवून पर्यायी जागा द्यायचं काम पालिकेचं. त्यांना विश्वासात न घेता पुढे गेलात तर स्टे येतो आणि सगळ्यांचं भाडं लटकतं. आधी बोला, चहा पाजा, कागद दाखवा.

हरकत लिहायला वकील लागतोच का?

नाही. साध्या मराठीत लिहा. नोटीसचा क्रमांक आणि तारीख, सीटीएस नंबर, रस्त्याचं नाव, तुमचं म्हणणं आणि तुम्हाला नेमका काय बदल हवा, एवढं पुरे. नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने दाखवा. शंभर जणांनी एकच छापील पत्र देण्यापेक्षा पाच जणांनी वेगवेगळे मुद्दे मांडले तर सुनावणीत जास्त बोलता येतं. आवक शिक्का मारलेली प्रत सांभाळून ठेवा.

करारात रस्त्याबद्दल काय लिहून घ्यायचं?

सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे (सहकार कायद्याचं कलम ७९ अ) प्रक्रिया करत असाल तर फिझिबिलिटी रिपोर्ट आधी येतोच, त्यात रस्त्याची अस्तित्वातली आणि मंजूर रुंदी दोन्ही वेगवेगळ्या लिहायला लावा. करारात पुढच्या गोष्टी स्पष्ट हव्यात: सेटबॅकचं क्षेत्र मोजणीप्रमाणे किती, त्याचा लाभ कुणाला, रोड लाईन बदलून क्षेत्र वाढलं-घटलं तर सभासदांच्या कार्पेटला हात लागणार नाही, डिमार्केशनचा (हद्द आखून देण्याचा) आणि ताबा देण्याचा खर्च बिल्डरचा, आणि सेटबॅकच्या पट्टीवर नवा फुटपाथ व गटार होईपर्यंत पाठपुरावा त्याचाच. आयओडीत (पालिकेच्या अटींसह येणाऱ्या प्लॅन मंजुरीच्या पत्रात) सेटबॅकच्या अटी असतात, त्यातली कुठली पूर्ण झाली याचा तक्ता दर तीन महिन्यांनी कमिटीला द्यायचा हेही लिहा. अट राहिली की शेवटी ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) अडकते आणि अडकलेल्या ओसीत राहतो आपण.

कुठल्या ऑफिसला जायचं?

डीपी रिमार्क आणि आरक्षणासाठी विकास नियोजन खातं, रोड लाईनसाठी सर्व्हे आणि ट्रॅफिक, प्लॅन मंजुरीसाठी इमारत प्रस्ताव खातं, दिलेल्या पट्टीच्या ताब्यासाठी वॉर्डातला मेंटेनन्सचा असिस्टंट इंजिनिअर, पत्रकासाठी सिटी सर्व्हे, झाड मध्ये येत असेल तर उद्यान खातं, आणि फीडर पिलरसाठी तुमची वीज कंपनी. सोमवारी सकाळी जाऊ नका, साहेब मीटिंगला असतात, आधी फोन करून दुपारची वेळ घ्या आणि बरोबर नकाशाच्या दोन प्रती न्या, एक तिथे राहतेच.